पाच बेचाळीस

मेमधला तिसरा रविवार, लातूर. संध्याकाळी 5 वाजून 42 मिनिटांनी मी अंगणात परत आलो तेव्हा कार जॅकवर नव्हती. कारखाली मोठे काका होते. त्यांचं वय 61.

पुढच्या वेळा निव्वळ आठवणीतल्या नाहीत. काही फोनमधल्या नोंदींवरून घेतल्या, काही काकूंच्या वहीवरून. नळाला पाणी कधी आलं आणि कधी गेलं, हे काकू रोज लिहून ठेवतात. लातूरमध्ये अनेक घरांना ही सवय आहे. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाणी सुमारे पाच लाख लिटर. तेव्हापासून या शहरात पाण्याची वेळ कुणी विसरत नाही.

सकाळी 6:20

नवव्या दिवशी नळ आला. टाकी, पिंप, हंडे भरले. 7:35 ला काकूंनी नळी कडुलिंबाच्या आळ्यात सोडली. 7:50 ला पाणी गेलं. पंधरा मिनिटांत आळं भरून बाहेर वाहिलं आणि झाडाखालची सात-आठ फूट जमीन भिजली. जमीन काळी. मेमध्ये तिला बोटभर भेगा असतात आणि पाणी त्या भेगांतून थेट खाली उतरतं. दहा वाजेपर्यंत वरचा थर वाळून पांढुरका झाला. बघणाऱ्याला ती जागा कोरडी वाटली असती.

सकाळी 8:05

काका गंजगोलाईच्या बाजारातून आहेराचं सामान घेऊन आले. गाडी मारुती 800, वजन साधारण साडेसहाशे किलो. फाटकातून आत येतानाच खालून खडखड ऐकू आली. सायलेन्सरची मागची पकड एका बाजूनं सुटली होती आणि नळकांडं लोंबत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नांदेडला लग्न होतं. चाकूर, अहमदपूर, लोहा असा तीन-साडेतीन तासांचा रस्ता. पहाटे सहाला निघायचं ठरलं होतं. माणसं पाच.

सकाळी 9:40

काकांनी नेहमीच्या मेकॅनिकला फोन केला. बोलणं 1 मिनिट 10 सेकंदांचं. तोही लग्नाला गावी गेला होता, उद्या दुपारी येणार होता. काकांनी दुसऱ्या कुणाला फोन केला नाही. रविवार असल्यानं बहुतेक गॅरेज बंदच होती.

सकाळी 11:15

काकू म्हणाल्या, एसटीनं जाऊ. काका म्हणाले, आहेराच्या चार पिशव्या आणि आई. आजीचं वय 84. विषय तिथे संपला.

दुपारी 4:30

पारा 42 च्या आसपास होता. गाडी फाटकाजवळ शहाबादी फरशीवर उभी होती. फरशी सपाट आणि टणक, पण तिच्यावर ऊन. झाडाखाली सावली होती. काकांनी गिअर न्यूट्रलला टाकला आणि आम्ही दोघांनी गाडी हातानं ढकलत बारा फूट मागे, कडुलिंबाखाली नेली. मग काकांनी हँडब्रेक ओढला. गिअर परत टाकला नाही.

हा हँडब्रेक पूर्वी पाच-सहा कट्कट् आवाजांत बसायचा. त्या दिवशी मी दहा मोजले. केबल सैल झाली होती. बोललो नाही, कारण गाडी जागेवर थांबली होती.

ही गाडी पुढच्या चाकांवर ओढते आणि हँडब्रेक मागच्या चाकांना धरतो. मागचं एक चाक उचललं की त्या चाकाचा ब्रेक जमिनीच्या उपयोगाचा राहत नाही. गिअर न्यूट्रलला असेल तर पुढची दोन्ही चाकं मोकळी. साडेसहाशे किलोंना जागेवर धरायला तेव्हा मागचं एकच चाक उरतं, आणि त्याची केबल सैल होती.

4:48

डिकीतून जॅक काढला. गाडीबरोबर मिळतो तो कैचीसारखा, टॉमी फिरवली की वर येणारा. त्याचा तळ माझ्या तळहाताएवढाही नव्हता. अशा जॅकबद्दल कंपन्यांच्या माहितीपुस्तकात स्पष्ट लिहिलेलं असतं, की तो चाक बदलण्यापुरता आहे आणि जॅकवर असलेल्या गाडीखाली जाऊ नये. आमचं पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात होतं. त्याची प्लॅस्टिकची पिशवी उघडलेली नव्हती.

मी पुढच्या उजव्या चाकाला अर्धी वीट लावली, चाकाच्या पुढच्या बाजूनं. मागच्या बाजूला काही लावलं नाही. आळ्यामुळे जमिनीचा उतार मागे होता, साधारण दोन बोटं. मला तो तेव्हा दिसला नाही.

5:02

मागची डावी बाजू वर आली, चाक जमिनीपासून सुटलं. जॅक एका अंगाला कलला. काका थांबले आणि त्यांनी गाडी खाली घेतली. जॅकच्या तळाचा चौकोनी ठसा मातीत उमटला होता, एका कडेला अंगठ्याच्या पेराएवढा खोल. ठशातली माती काळी आणि ओली होती.

"खाली फळी टाकू का?" मी विचारलं.

"सरकवून बघू," काका म्हणाले. जॅक चार बोटं बाजूला सरकवून त्यांनी गाडी पुन्हा उचलली. या वेळी तो सरळ उभा राहिला.

काका निष्काळजी नव्हते, हे मला इथे लिहून ठेवायचं आहे. रात्री झोपण्यापूर्वी गॅसचा रेग्युलेटर तेच बंद करायचे. पतंगाच्या दिवसांत गच्चीच्या कठड्याला दोरी बांधायचे. ज्या कामाची भीती वाटे त्यात ते सावध असत. हे काम त्यांना दहा मिनिटांचं वाटलं होतं.

5:10

काका पाठीवर सरकत मागच्या चाकाजवळून आत गेले. छातीपर्यंतचा भाग कारखाली, पाय बाहेर. पकडीचे बोल्ट दोन. पहिला चार मिनिटांत सुटला.

मी झाडाशेजारच्या लाकडांच्या ढिगावर बसलो होतो. ही लाकडं आमच्या औसा तालुक्यातल्या जुन्या घराची आहेत. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा ते घर पडलं. दगडमातीच्या दोन-अडीच फुटी भिंती, वर माळवद, माळवदावर फूट-दीड फूट माती. भिंती ढासळल्या. मधल्या खणाचे सागवानी खांब आणि तुळया मात्र उभ्या राहिल्या आणि त्यांच्याखाली झोपलेली आजी वाचली. त्या भागातल्या बऱ्याच गावांत असं झालं होतं. भिंत गेली, पण लाकडी सांगाड्यानं वरचा भार पेलला. काकांनी ती लाकडं ट्रॅक्टरनं लातूरला आणली. काही दारांना वापरली, उरलेले तुकडे अंगणात रचून ठेवले. कारपासून सहा फुटांवर.

5:19

काका पाणी प्यायला बाहेर आले. म्हणाले, "हलायलीय जरा." हात लावून गाडी हलवून पाहिली. हलत होती. जॅककडे वाकून बघितलं, टॉमी अर्धा फेरा फिरवली. तांब्या मला दिला आणि परत आत गेले.

5:24

शेजारचे निवृत्त ड्रायव्हर फाटकावरून जाताना थांबले. "स्टँड नाही का लावलं?"

"एकच बोल्ट राहिलाय," काका खालून म्हणाले.

स्टँड म्हणजे तीन-चार पायांचं लोखंडी टेकण. जॅकनं गाडी उचलायची, चॅसिसच्या मजबूत जागेखाली स्टँड लावायचं, गाडी त्यावर उतरवायची आणि मग हातानं जोरात हलवून बघायची. उचलणं एकाचं काम, धरून ठेवणं दुसऱ्याचं. गाडी वर गेली की दोन्ही झाल्यासारखं वाटतं, आणि तिथेच माणूस फसतो. स्टँडही डोळे मिटून लावण्याची वस्तू नाही. 2020 च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या हार्बर फ्रेट या दुकानसाखळीनं विकलेले लाखो स्टँड परत मागवले, कारण त्यांच्या खाचांत दाता पुरेसा खोल बसत नव्हता. बदली दिलेल्यांपैकी काही जुलैत परत मागवावे लागले. त्यांच्या वेल्डिंगमध्ये दोष होता.

आमच्याकडे स्टँड नव्हतं. ड्रायव्हरकाका पुढे गेले.

5:31

दुसरा बोल्ट गंजला होता. काकांनी रिंग पाना लावून दोन झटके दिले. प्रत्येक झटक्यासरशी गाडी झुलली. जॅक वरून येणारा भार पेलतो, आडवा झटका पेलण्यासाठी तो केलेला नसतो.

काकू खिडकीतून म्हणाल्या, "काय करायलाव इतका वेळ? चहा झालाय."

"आलो," काका म्हणाले. मग मला, "घरात रॉकेल असेल बघ थोडं. बोल्टवर सोडू."

5:34

मी आत गेलो. रॉकेल आता कुणाच्या घरात सहज सापडत नाही. काकूंनी कोठीतल्या फळीवर जुन्या कंदिलाची बाटली शोधली. हॉलमध्ये कूलर फुल्ल स्पीडवर चालू होता, टीव्हीही. बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं. बाटली मिळाली, तिला बूच नव्हतं. काकूंनी कागदाचा बोळा करून लावला.

5:42

गाडीचं मागचं चाक जमिनीवर होतं. पुढच्या चाकाची वीट होती तिथेच होती आणि चाक तिच्यापासून वीतभर मागे सरकलं होतं. जॅक आडवा पडलेला.

या गाडीच्या मागच्या एका चाकावर सव्वाशे-दीडशे किलो भार येतो. तेवढा भार छातीवर असला की फासळ्या वर उचलता येत नाहीत. फासळ्या उचलल्या नाहीत की श्वास आत जात नाही. आवाजही निघत नाही.

5:44

ड्रायव्हरकाका, समोरचे दोघे आणि मी, चौघांनी गाडी उचलली. जड नव्हती.

5:45

108 ला फोन केला. रुग्णवाहिका 6:03 ला आली. 6:40 ला डॉक्टरांनी सांगितलं.

रात्री 9:15

पोलिसांनी पंचनामा केला. जॅक मोजला, टॉमी फिरवून वर-खाली करून पाहिला. तो नीट चालत होता.

दहाव्यानंतर मी पट्टी घेऊन अंगणात गेलो. ढिगातले तुळईचे दोन तुकडे एकावर एक ठेवले. उंची 31 सेंटीमीटर भरली. मग त्याच जॅकनं, फरशीवर, गाडी त्या दिवशीएवढीच उचलली. गाडीच्या खालच्या कडेपासून फरशीपर्यंत 33 सेंटीमीटर होतं.