थडग्यातील हिरवे मुख : खेळातल्या सापळ्यांचा इतिहास

#धागा

१९७५ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथे ‘ओरिजिन्स’ हे खेळांचे संमेलन प्रथमच भरले. तेथील स्पर्धेसाठी गॅरी गायगॅक्स यांनी एक थडगे रचले, अर्थात कागदावर. त्याचे नाव ‘टूम ऑफ हॉरर्स’.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केला होता. सूत्रधार प्रसंग वर्णन करतो, खेळाडू आपले पात्र काय करते ते सांगतात. मूळ नियमांतील सामानाच्या यादीत दहा फुटी काठी आहे, किंमत एक सुवर्णनाणे. सापळा शोधायचा तो ही काठी ठोकत आणि प्रश्न विचारत.

आता थडग्यात शिरू. भिंतींवर चित्रे, जमिनीवर रंगीत फरश्यांची नक्षी, तिच्याखाली दडलेले खड्डे. बोळाच्या टोकाला सैतानाचे हिरवे मुख, जबडा उघडा, आत काळोख. त्या काळोखात एक गोळा आहे. त्याला जे स्पर्शेल ते नष्ट होते. जो आत शिरला तो संपला. फासे टाकून वाचण्याची सोय नाही. मात्र कोणी आधी काठी घातली, तर काठीचे टोक नाहीसे झालेले दिसेल. शिवाय नक्षीच्या वाटेतच थडग्याच्या धन्याने सूचक ओळी कोरून ठेवल्या आहेत. वाचणार कोण, हा प्रश्न!

त्याच वर्षीच्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीत चोर हे पात्र आले आणि सापळा निकामी करण्याची शक्यता टक्केवारीत मोजली जाऊ लागली. येथूनच सापळ्याची कला उतरणीला लागली, असे जुन्या वळणाचे खेळाडू मानतात. मला ते अर्धेच पटते. हिरव्या मुखापुढे चोराची टक्केवारीही फारशी कामाची नव्हती.

गायगॅक्स यांच्यावर क्रौर्याचा आरोप होतो. तो करणारे साधनाचा मूळ संदर्भ विसरतात. स्पर्धेत पात्रे आयती मिळत. पात्र मेले तर एक डाव गेला, इतकेच. १९७८ मध्ये हे थडगे पुस्तिकेच्या रूपाने विक्रीस आले, आणि घरोघरचे खेळाडू कित्येक महिने जोपासलेली पात्रे घेऊन त्याच जबड्यासमोर उभे राहिले. पुस्तिकेसोबत खेळाडूंना दाखवायची चित्रे होती. त्यांत ते मुखही होते, उघड्या जबड्यासह.