आयटम मोट : वाड्याचं कोणतं व्हर्जन खरं?

इंग्लंडमध्ये केंट परगण्यात आयटम मोट नावाचा एक वाडा आहे. (हसू नका, उच्चार खरंच 'आयटम' असाच आहे. स्पेलिंग बघून मात्र कुणालाही तो सुचणार नाही!) तिकडे याला मॅनर हाउस म्हणतात, म्हणजे जमीनदाराचा वाडा. चारी बाजूंनी पाण्याचा खंदक, मध्ये चौक, भोवती सत्तरच्या वर खोल्या. सगळ्यात जुना भाग चौदाव्या शतकातला.

आता सातशे वर्षांत प्रत्येक मालकाने काहीतरी भर घातलीच. १५२१ मध्ये सर रिचर्ड क्लेमेंटने वाडा घेतला. हा आठव्या हेन्रीच्या दरबारातला माणूस. राजनिष्ठा दाखवायला पठ्ठ्याने छतावर राजाचा गुलाब आणि कॅथरीन राणीच्या माहेरची चिन्हं रंगवून घेतली. पुढे राजाने राणीला सोडलं, चिन्हं मात्र छतावर तशीच! नंतर सेल्बी घराणं तीनेकशे वर्षं राहिलं. त्यांच्यानंतर आलेले कॉलियर-फर्ग्युसन १९५१ मध्ये वारले आणि वाडा विक्रीला निघाला. तो पाडला जाईल अशी भीती होती, म्हणून तिथल्याच तिघांनी तो विकत घेऊन ठेवला. १९५३ मध्ये चार्ल्स हेन्री रॉबिन्सन या अमेरिकन माणसाने त्यांच्याकडून तो घेतला. असं सांगतात की बोटीने घरी परत जाताना त्याचा विचार बदलला होता, नकाराचं पत्रही लिहून झालं होतं, पण तिकीट न मिळाल्याने ते टाकायचं राहिलं. खरंखोटं देव जाणे. १९८५ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर वाडा नॅशनल ट्रस्टकडे आला.

आणि मग खरी गंमत सुरू झाली. लाकूड ओल धरून कुजलेलं, शिवाय डेथवॉच बीटल नावाच्या किड्याने पोखरलेलं. १९८९ ते २००४ अशी पंधरा वर्षं टप्प्याटप्प्याने काम चाललं. खर्च एक कोटी पौंडांच्या वर. वाड्याचे भाग चक्क सुटे करायचे, प्रत्येक तुकड्याची नोंद ठेवायची, दुरुस्त करायचा आणि होता तिथेच परत बसवायचा. सिमेंट फासून मोकळं होणं किती सोपं होतं!

पण मला जास्त आवडला तो दुसराच प्रश्न. वाडा न्यायचा कोणत्या साली? चौदाव्या शतकातला 'ओरिजिनल' हवा असेल तर नंतरचं सगळं उखडावं लागेल. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या कितीतरी जुन्या चर्चचं असंच 'शुद्धीकरण' झालं. त्यावर चिडून विल्यम मॉरिस आणि मंडळींनी १८७७ मध्ये जुन्या इमारती वाचवणारी संस्था काढली. त्यांचं म्हणणं साधं होतं: दुरुस्ती करा, पण काळ मागे फिरवू नका. आमच्या धंद्यात म्हणायचं तर बग काढा, रोलबॅक नको.

आयटम मोटमध्ये हेच पाळलं गेलं. त्यामुळे मध्ययुगीन हॉलपासून चार पावलांवर दिवाणखान्यात अठराव्या शतकातला, हाताने रंगवलेला चिनी वॉलपेपर आहे. रॉबिन्सनची लायब्ररी विसाव्या शतकातलीच ठेवली आहे. चौकात एकोणिसाव्या शतकातलं एक भलंमोठं कुत्र्याचं घर आहे, डायडो नावाच्या सेंट बर्नार्ड कुत्रीचं. तेसुद्धा पहिल्या श्रेणीची संरक्षित वास्तू आहे, बरं का!