धाहरान : शून्य ते शंभर तास

११ फेब्रुवारी १९९१. आखाती युद्ध चालू आहे. इस्रायलकडून अमेरिकी लष्कराला पॅट्रियट क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेची निरीक्षणं मिळतात. सलग आठ तास चालल्यावर तिच्या रडारची ‘खिडकी’ २० टक्के सरकते. येणारं इराकी स्कड क्षेपणास्त्र पुढच्या क्षणी कुठे असेल, याचा अंदाज बांधून संगणक आकाशाचा तेवढाच भाग तपासतो. ती ही खिडकी. अमेरिकी तुकड्यांकडे स्वतःच्या अशा नोंदी नाहीत. नोंदयंत्र जोडलं तर यंत्रणाच बंद पडेल, या धास्तीने ते वापरलेलं नाही.

१६ फेब्रुवारी. सुधारित सॉफ्टवेअर तयार होतं. सौदी अरेबियापर्यंत ते विमानाने आणि पुढे रस्त्याने न्यायचं आहे.

१९ फेब्रुवारी. पेनसिल्व्हेनियातल्या ग्रीन्सबर्गची १४वी क्वार्टरमास्टर तुकडी सौदीत उतरते. ६९ राखीव सैनिक. काम पाणी शुद्ध करण्याचं.

२१ फेब्रुवारी. पॅट्रियट प्रकल्प कार्यालय तुकड्यांना कळवतं : यंत्रणा फार वेळ चालू ठेवल्यास खिडकी सरकू शकते. फार म्हणजे किती तास, ते लिहिलेलं नाही. आठ तासांहून जास्त वेळ कोणी सलग चालवत नसेल, असं अधिकारी धरून चालतात. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त खटकतं ते हेच. आठचा आकडा त्यांच्या हातात दहा दिवस होता.

त्याच दुपारी, किंवा त्याआधीच, सौदीतल्या धाहरानची पॅट्रियट तुकडी, अल्फा बॅटरी, सुरू झालेली आहे.

तास ०. चूक शून्य. संगणक सुरू झाल्यापासूनचा वेळ सेकंदाच्या दशांशांत मोजतो. ०.१ ही संख्या द्विमान पद्धतीत कधी संपत नाही. २४ बिटांत ती छाटावी लागते. प्रत्येक दशांशामागे सेकंदाच्या एक कोटीव्या भागाहून किंचित कमी वेळ हरवतो आणि मोजलेला काळ वाढेल तशी ही तूटही वाढते; तिच्याबरोबर खिडकी सरकते.

तास १. खिडकी ७ मीटर सरकलेली.

तास ८. ५५ मीटर. यंत्रणा बंद करून पुन्हा सुरू केली, तर मोजणी शून्यापासून सुरू होते. त्याला ६० ते ९० सेकंद लागतात.

तास २०. १३७ मीटर. आता स्कड खिडकीबाहेर जाईल.

तास ४८. ३३० मीटर.

तास ७२. ४९४ मीटर. मुळात ही यंत्रणा एका ठिकाणी काही तास चालवून पुढे हलवण्यासाठी बनवलेली. इथे ती हवाई तळ राखत जागेवरच उभी आहे.

तास १००. २५ फेब्रुवारी, रात्री ८.४० च्या सुमारास. तूट ०.३४३३ सेकंद, खिडकी ६८७ मीटर दूर. रडारला स्कडची पहिली चाहूल लागते. संगणक पुढची जागा काढतो आणि तिथे पाहतो. तिथे काही नाही. पॅट्रियट सुटत नाही.

स्कड धाहरानजवळच्या अल खोबरमधल्या गोदामावर पडतं. तिथे सैनिकांची निवासव्यवस्था केलेली आहे. २८ ठार, सुमारे शंभर जखमी. मृतांपैकी १३ जण १४व्या तुकडीचे.

२६ फेब्रुवारी. सुधारित सॉफ्टवेअर धाहरानला पोहोचतं.