शॉर्टवेव्हच्या अँटेनाला कोणती केबल? आधी गच्चीवरची बंद डिश बघा

फोनला ओटीजीने आरटीएल-एसडीआर डाँगल जोडून शॉर्टवेव्ह ऐकायला सुरुवात केली, की पहिला प्रश्न अँटेनाचा येतो आणि लगेच दुसरा केबलचा. तार गच्चीवर, आपण खाली खोलीत, मधे पंधरा-वीस मीटर अंतर. नेटवर शोधलं की आरजी-५८, आरजी-२१३, एलएमआर-४०० अशी नावं समोर येतात. त्यातल्या जाड केबलची किंमत बघितली की उत्साह निम्मा होतो.

उत्तर आधीच सांगून टाकतो. तुम्हाला फक्त ऐकायचं असेल, प्रक्षेपण करायचं नसेल, तर डीटीएचच्या छत्रीला असते ती आरजी-६ केबल पुरते. सातारा-सांगलीकडे कितीतरी घरांत टीव्ही आता इंटरनेटवर चालतो आणि छत्री गच्चीवर नुसती गंजत पडलेली असते. तिची केबल चांगल्या अवस्थेत असेल, तर तुमचा केबलचा खर्च शून्य. आकडे बघू, म्हणजे हे जुगाड का चालतं ते कळेल. पण खरा घोळ केबलच्या नंबरात नसतोच, तो ती जोडण्यात असतो.

७५ ओहम आणि ५० ओहमचं भांडण

आरजी-६ ही ७५ ओहमची केबल. हॅम रेडिओवाले वापरतात त्या आरजी-५८ आणि आरजी-२१३ या ५० ओहमच्या. आरटीएल-एसडीआरला ५० ओहमचा एसएमए कनेक्टर असतो, म्हणून ७५ ओहमची केबल लावली तर सिग्नल परत फिरेल, वाया जाईल अशी भीती घातली जाते. हिशोब केला तर या विजोडपणामुळे होणारा तोटा ०.२ डेसिबलपेक्षाही कमी भरतो. कानाला तो कळणंच शक्य नाही. प्रक्षेपण करणाऱ्याला परत येणाऱ्या ऊर्जेची काळजी करावी लागते, कारण त्याचा ट्रान्समीटर त्यात अडचणीत येतो. ऐकणाऱ्याला नाही. शिवाय वीस मीटर साध्या तारेचा स्वतःचा इम्पीडन्स प्रत्येक फ्रिक्वेन्सीला काहीशे ओहमने इकडेतिकडे होत असतो. तिथे ५० की ७५ हा वाद म्हणजे मळ्याच्या वाटेवरची खडी मोजण्यासारखं आहे.

डेसिबलचा हिशोब

केबलमधून जाताना सिग्नल थोडा कमी होतो आणि फ्रिक्वेन्सी वाढली की हा तोटाही वाढतो. बहुतेकांची चूक इथेच होते. डीटीएचचा सिग्नल छत्रीपासून सेट-टॉप बॉक्सपर्यंत साधारण ९५० ते २१५० मेगाहर्ट्झला येतो. तिथे २० मीटर आरजी-६ मध्येही चारेक डेसिबल किंवा जास्त जातात. शॉर्टवेव्ह मात्र ३ ते ३० मेगाहर्ट्झमध्ये संपते. १० मेगाहर्ट्झला २० मीटरसाठी साधारण आकडे असे: आरजी-६ मध्ये अर्धा डेसिबल, आरजी-५८ मध्ये एक डेसिबलच्या आत-बाहेर, जाडजूड आरजी-२१३ मध्ये ०.४, आणि पेन्सिलच्या शिसासारख्या बारीक आरजी-१७४ मध्ये दोनच्या थोडं वर. कंपनीप्रमाणे थोडा फरक पडेल, पण चित्र हेच राहतं. आरजी-२१३ आरजी-६ पेक्षा कितीतरी महाग आहे आणि वीस मीटरवर तुमचा फायदा ०.१ डेसिबल. सिग्नल मीटरवरचा एक एस-पॉइंट ६ डेसिबलचा असतो, यावरून अंदाज करा.

त्यातही हा अर्धा-एक डेसिबल खऱ्या अर्थाने वाया जातच नाही. एसटी स्टँडवरच्या गर्दीत मित्राने केलेलं रेकॉर्डिंग आठवा. आवाज कमी करून ऐकलं तर त्याचं बोलणंही कमी होतं आणि गोंगाटही. बोलणं कळण्याची शक्यता तेवढीच राहते. शॉर्टवेव्हवर नेमकं हेच होतं. आयटीयूच्या पी.३७२ या शिफारशीतल्या सूत्राने काढलं, तर निवासी भागात १० मेगाहर्ट्झला माणसाने निर्माण केलेला गोंगाट उष्णतेमुळे असणाऱ्या किमान गोंगाटाच्या सुमारे ४५ डेसिबल वर असतो. तुमचा अँटेना हा सगळा कचरा सिग्नलसोबतच गोळा करतो. पुढे केबलने दोघांनाही सारखीच कात्री लावली, तर गुणोत्तर बदलत नाही.

अपवाद सांगायला हवा. घर मळ्यात आहे आणि अँटेना दूर बांधावर, मोटारीच्या शेडपासून लांब, ८०-१०० मीटरवर लावायचा आहे. अशा वेळी आरजी-१७४ वापरू नका, शंभर मीटरला दहा-अकरा डेसिबल जातील. आरजी-६ मध्ये तेवढ्याच अंतरात अडीचच्या आसपास जातात. म्हणजे लांब अंतरालाही आपली छत्रीवाली केबलच बरी.

खरखर केबलच्या अंगावरून येते

आता मुद्द्याचं. मी स्वतः सुरुवातीला महाग केबल आणली होती. बदलून बघितली, खरखर तशीच. दोषी निघाला जिन्यातला एक एलईडी बल्ब, आणि त्याची खरखर घरात आणणारी होती केबलचीच बाहेरची बाजू.

कोअ‍ॅक्सच्या जाळीला दोन बाजू असतात असं समजा. आतल्या बाजूवरून अँटेनाचा सिग्नल जातो. बाहेरच्या बाजूवरून वेगळाच करंट वाहू शकतो आणि त्या दृष्टीने पूर्ण केबल ही आणखी एक लांब अँटेना होते. ती जाते कुठून? वायरिंगच्या शेजारून, इन्व्हर्टरच्या मागून, वायफाय राउटरच्या अडॅप्टरजवळून. तिथली सगळी घाण बाहेरच्या बाजूवर चढते, वर अँटेनाच्या टोकाला पोचते आणि तिथून वळून आत शिरते. यावर जाडी, किंमत किंवा ओहम यांचा काही उपयोग नाही.

उपाय दोन आहेत, दोन्ही करा. पहिला, तार आणि केबल यांच्यामध्ये ९:१ चा ट्रान्सफॉर्मर, ज्याची दोन्ही वेटोळी एकमेकांपासून पूर्ण वेगळी असतील. फेराइट रिंगवर ९ फेरे तारेच्या बाजूला आणि ३ फेरे केबलच्या बाजूला, इतकं साधं काम आहे. तारेच्या बाजूच्या वेटोळ्याचं दुसरं टोक अँटेनाजवळच जमिनीत ठोकलेल्या स्वतंत्र सळईला जोडायचं, घरातल्या अर्थिंगला नाही. फ्लॅटच्या गच्चीवर सळई शक्य नसेल, तर तिथे विरुद्ध दिशेला तेवढ्याच लांबीची दुसरी तार पसरा. विकत मिळणाऱ्या कित्येक ९:१ डब्यांमध्ये वेटोळी आतून जोडलेली असतात, त्यामुळे केबलवरच्या घाणीला वाट मोकळी राहते. घेण्याआधी विचारा, किंवा घरी आल्यावर मल्टिमीटरच्या कंटिन्युइटीवर तपासा.

दुसरा उपाय चोकचा. केबलचे आठ-दहा वेढे फेराइट रिंगमधून घ्यायचे. शॉर्टवेव्हच्या खालच्या पट्ट्यांना ३१ नंबरचं फेराइट चांगलं, ४३ नंबरचंही चालतं. आरजी-६ कडक असते, छोट्या रिंगभोवती वळवायला गेलात तर आतला फोम दबतो. म्हणून चोकपुरता एक-दीड मीटर आरजी-१७४ चा तुकडा वापरा आणि दोन्ही टोकांना कनेक्टर लावा. बारीक केबलची खरी जागा ही आहे.

केबल घाण आणते का हे कसं ओळखायचं? अँटेनाची तार ट्रान्सफॉर्मरपासून काढा, केबल तशीच राहू द्या. वॉटरफॉलवरच्या उभ्या रेघा आणि पट्टे गेले, तर गोंगाट तारेतूनच येत होता, तारेची जागा बदला. तसेच राहिले, तर ते केबलच्या अंगावरून येतायत. फोन या वेळी चार्जरला लावलेला नको, नाहीतर चार्जरचीच खरखर मोजत बसाल. महावितरणची लाईट गेली की तेव्हाही ऐकून बघा. इन्व्हर्टर बंद ठेवला तर शॉर्टवेव्ह एकदम कशी निवळते ते त्या दहा मिनिटांत कळतं. तुलनेला एकच ठरलेला सिग्नल हवा असेल, तर १० मेगाहर्ट्झवर चीनच्या बीपीएम केंद्राची सेकंदाची टिकटिक शोधा. रात्री ती आपल्याकडे बहुधा लागते.

सांगलीकरांची वेगळी अडचण

सांगली आकाशवाणी मध्यम लहरींवर १२५१ किलोहर्ट्झला आहे. शहरात किंवा मिरजेकडे राहत असाल, तर हा सिग्नल तुमच्या लांब तारेत प्रचंड ताकदीने शिरतो. आरटीएल-एसडीआरचं व्ही-३ मॉडेल शॉर्टवेव्ह थेट सॅम्पलिंगने ऐकतं आणि त्याचा एडीसी फक्त ८ बिटचा. जवळचा जोरदार सिग्नल त्याला भरून टाकतो आणि मग ३१ मीटरच्या पट्ट्यातही भलतीच गाणी ऐकू येतात. लोक केबलला दोष देतात, अजून जाड केबल आणतात, म्हणजे डाँगलवरचा भार उलट किंचित वाढवतात! इथे डाँगलच्या आधी मध्यम लहरी अडवणारा हाय-पास फिल्टर लागतो. साताऱ्यात ही अडचण सहसा इतकी जाणवणार नाही.

जुनी केबल तपासताना, नवी घेताना

छत्रीची केबल वापरायची तर आधी ती सेट-टॉप बॉक्सपासून पूर्ण सोडवा. बॉक्स त्याच केबलमधून वरच्या एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट पाठवत असतो. स्प्लिटर टाकून टीव्ही आणि डाँगल एकाच केबलवर चालवायला गेलात, तर ते व्होल्टेज डाँगलमध्ये जाऊ शकतं.

दोन्ही टोकं दोन-दोन इंच कापून आतली जाळी बघा. चकचकीत असेल तर ठीक. काळी पडली असेल किंवा पांढरी भुकटी दिसली, तर पाणी आत गेलंय. आणखी अर्धा मीटर कापून बघा, तरीही तसंच असेल तर केबल टाकून द्या.

नवी घेताना दुकानदार 'प्युअर कॉपर' म्हणतो, पण डीटीएचच्या आरजी-६ मधली मधली तार बहुतेक वेळा तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची असते. चुंबक लावा, चिकटेल. शॉर्टवेव्हला ती चालते, कारण १० मेगाहर्ट्झला करंट तांब्याच्या वरच्या सुमारे २० मायक्रॉन थरातूनच वाहतो. मध्यम लहरींना तो खोल उतरतो आणि तोटा थोडा वाढतो. अडचण येते ती केबलमधूनच वीज घेणाऱ्या लूप अँटेनाला, कारण पोलादी तारेत डीसी व्होल्टेज जास्त पडतं. तिथे पूर्ण तांब्याची तार बघा.

पैसे घालायचेच असतील तर जाळीवर घाला. स्वस्त केबलमध्ये फॉइलवर जाळीचे मोजून चार धागे असतात. टीव्हीच्या फ्रिक्वेन्सीला फॉइल भागवून नेते, पण शॉर्टवेव्हला ती फार पातळ पडते आणि आडोसा मुख्यतः जाळीचा असतो. ६० टक्के किंवा जास्त जाळी असलेली, नाहीतर क्वाड-शील्ड घ्या. ही जाळी अॅल्युमिनियमची असते, तिला साधं सोल्डर धरत नाही. त्यामुळे कॉम्प्रेशन पद्धतीचा एफ-कनेक्टर आणि पुढे एफ-ते-एसएमए अडॅप्टर हाच सरळ मार्ग. फिरवून बसवायचे कनेक्टर वाऱ्याने सैल होतात.

पाऊस, ऊन आणि वीज

महाबळेश्वर, जावळी, पाटणकडे केबलचा शत्रू पाणी. वरच्या कनेक्टरवर स्वतःलाच चिकटणारी रबर टेप ताणून गुंडाळा, त्यावर साधी टेप. खिडकीतून आत येण्याआधी केबलला खाली झोल द्या, म्हणजे थेंब तिथून गळतील. माण-खटाव, आटपाडी, जतकडे शत्रू ऊन. पांढरं पीव्हीसी आवरण काही उन्हाळ्यांत तडकतं, बाहेर काळं पॉलिथिलीन आवरणच वापरा.

अँटेनाची तार महावितरणच्या तारांच्या वरून, खालून किंवा जवळून कधीच नेऊ नका. वाऱ्याने तुटली तर ती कुठे पडेल याचा विचार बांधण्याआधी करा. ओल्या गच्चीवर तुटकी तार विजेच्या लाईनला टेकली, तर केबल हातात धरलेला माणूस वाचत नाही.

एप्रिल-मेमध्ये वळवाचे ढग जमायला लागले की केबल डाँगलपासून काढा आणि कनेक्टरचं टोक खिडकीबाहेर टाका. घरात टेबलावर नुसतं सोडून ठेवलेलं टोकही धोक्याचं. हे काम गडगडाट सुरू होण्याआधी करायचं. उशीर झालाच, तर केबलला हात लावू नका, डाँगल गेलं तर जाऊ द्या.