सार्वजनिक उत्सवातले 'सर्व जन' कोण?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुणे शहरात 'सार्वजनिक' हा शब्द तीनदा मोठ्याने उच्चारला गेला. १८७० साली सार्वजनिक सभा स्थापन झाली. १८९१ साली, जोतीराव फुले यांच्या निधनानंतर काही महिन्यांनी, त्यांचा 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आणि १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सवाची प्रथा रूढ होऊ लागली. तिन्ही ठिकाणी शब्द एकच आहे. पण त्यातले 'सर्व जन' मात्र एक नाहीत. सभेतले सर्व जन म्हणजे प्रामुख्याने सरदार, वकील, सावकार आणि इंग्रजी शिकलेली मंडळी. फुल्यांनी मात्र या शब्दाचा अर्थ शब्दशः घेतला. एकाच घरातील बाईने बौद्ध धर्म स्वीकारावा, नवऱ्याने ख्रिस्ती व्हावे, मुलीने इस्लाम पत्करावा, मुलाने सार्वजनिक सत्यधर्म मानावा, आणि तरीही सर्वांनी एका छपराखाली गोडीगुलाबीने नांदावे, असे कुटुंब त्यांनी कल्पिले. श्रद्धा ज्याची त्याची, नांदणे मात्र सर्वांचे, हा त्याचा अर्थ. तिसरा 'सार्वजनिक' शब्द उत्सवाला जोडला गेला. त्या शब्दाची फोड अस्पृश्य समाजाने आपल्या अनुभवातून कशी केली, हे या लेखात पाहावयाचे आहे.

१

सार्वजनिक उत्सव १८९३ साली जन्माला आला असे म्हणणे तसे बरोबर नाही. गावगाड्यात प्रत्येक सण सार्वजनिकच होता. होळी, पोळा, दसरा, जत्रा हे सारे गावाचे असत. परंतु गावाचा सण म्हणजे गावातल्या माणसांच्या उतरंडीची वार्षिक हजेरीच. पोळ्याला कोणाचा बैल पुढे, होळीचा मान कोणाचा, देवीची पालखी कोणाच्या दारावरून जाणार आणि कोणाच्या दारावरून जाणार नाही, हे सारे ठरलेले. मानावरून डोकी फुटत, ती उगीच नव्हे. वर्षभर जे न बोलता पाळले जाई, ते सणाच्या दिवशी सर्वांदेखत वाजतगाजत सिद्ध करावे लागे.

या हजेरीत महाराचे नाव नव्हते असे नाही. ते होते, पण कामाच्या यादीत. होळीची लाकडे त्याने आणायची, तोरण त्याने बांधायचे, दसऱ्याच्या रेड्याच्या बळीतले काम त्याचे. काही भागांत तर गावची होळी महारवाड्यातल्या होळीच्या विस्तवाने पेटवण्याची रीत होती. म्हणजे महाराच्या हातचा विस्तव चालत असे. त्याच्या हातचे पाणी चालत नसे. सण संपला की तो उष्ट्यासाठी दारोदार फिरे, आणि त्या फिरण्यालाही 'हक्क' असे नाव होते. आमच्या वडीलधाऱ्यांना सणाची आठवण विचारली तर ते पक्वान्नांविषयी क्वचितच बोलत. किती वेळ उभे राहावे लागले, याविषयीच ते बोलत.

तेव्हा ध्यानात घेतले पाहिजे ते असे की, अस्पृश्याला सणातून वगळले होते हे अर्धेच सत्य आहे. त्याच्यावाचून सण होत नव्हता. त्याचे श्रम आत होते आणि माणूस म्हणून तो बाहेर होता.

२

१८९३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांची मोठी दंगल झाली. तोवर मोहरमच्या ताबुतांपुढे हिंदूही मोठ्या संख्येने नाचत, नवस बोलत. दंगलीनंतर ही सरमिसळ मोडण्याचा जाणीवपूर्वक प्रयत्न सुरू झाला. भाऊसाहेब रंगारी आदी पुणेकरांनी घरातला गणपती चौकात आणला, आणि टिळकांनी 'केसरी'तून या उत्सवाला बळ दिले. मेळ्यांच्या पदांतून हिंदूंना ताबूत सोडण्याचे आवाहन होऊ लागले. १८९६ साली शिवाजी-उत्सवाची भर पडली.

यामागे राजकीय हिशेब होता, हे उघड आहे. १८५८ च्या जाहीरनाम्याने राणीच्या सरकारने धर्मात ढवळाढवळ न करण्याचे वचन दिले होते. राजकीय सभेवर सरकारची नजर असे. देवाच्या मिरवणुकीला तुलनेने मोकळीक असे. म्हणून राजकारण देवाच्या पालखीत बसले. ही युक्ती यशस्वी झाली, याविषयी वाद नाही. पण तिची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न इतिहासकार सहसा विचारीत नाहीत. राष्ट्राची एकजूट ज्या मंडपात होणार होती, त्या मंडपाचे नियम देवघराचे होते. सभेत अस्पृश्याला बसू देणे न देणे हा निदान वादाचा विषय होऊ शकला असता. पूजेत मात्र सोवळेओवळे आपोआप आले. धर्म सार्वजनिक झाला, तेव्हा विटाळही सार्वजनिक झाला.

ब्राह्मणेतर चळवळीला हे लवकर कळले. १९२० नंतरच्या काळात केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांच्या छत्रपती मेळ्याने पुण्याच्या त्याच उत्सवात प्रस्थापितांना त्यांच्याच हत्याराने उत्तर दिले. परंतु अस्पृश्यांचा प्रश्न मेळ्यातल्या पदांचा नव्हता. तो मूर्तीपाशी पोचणाऱ्या हाताचा होता.

३

हा प्रश्न मुंबईत दादरच्या गणेशोत्सवात १९२६ साली उघडपणे पुढे आला. त्याआधी तीन वर्षे, ४ ऑगस्ट १९२३ रोजी, मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला होता. सार्वजनिक पैशाने बांधलेली वा चालविलेली पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने ही स्थळे अस्पृश्यांना खुली असावीत, असे तो ठराव सांगत होता. त्यामागचे तर्कशास्त्र सरळ होते: पैसा सर्वांचा, तर वापर सर्वांचा. हेच तर्कशास्त्र दादरला उत्सवाच्या वर्गणीला लावण्यात आले. वर्गणी घेताना सर्व हिंदू आपले आणि पूजेच्या वेळी मात्र काही हिंदू दूर, हे कसे, असा सवाल प्रबोधनकार ठाकरे, बोले आदींनी केला. अस्पृश्य मंडळी मोठ्या संख्येने मंडपाबाहेर जमली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरही तेथे आले.

या प्रसंगाची हकीकत प्रबोधनकारांनी 'माझी जीवनगाथा'त नोंदवली आहे. बऱ्याच तणावानंतर तडजोड अशी निघाली की, गणपत महादेव जाधव ऊर्फ मडकेबुवा यांनी स्वहस्ते फुले पुजाऱ्याच्या हाती द्यावीत आणि पुजाऱ्याने ती मूर्तीला वाहावीत. म्हणजे अस्पृश्याचा हात फुलापर्यंत आला, फूल ब्राह्मणाच्या हातात गेले आणि तेथून देवापर्यंत पोचले. एवढ्याशा अंतराची ही तडजोड. पण तेवढीही पचली नाही. तेथला तो उत्सव पुढे बंद पाडण्यात आला, आणि सर्व जातींना सामावणारा नवरात्रोत्सव प्रबोधनकारांच्या मंडळींनी सुरू केला.

उत्सव सर्वांचा होण्यापेक्षा तो नसलेला बरा, असे संयोजकांना वाटले. सार्वजनिक पाणवठ्यांवर त्या काळी जी वृत्ती दिसत होती, तीच येथेही दिसली. फरक एवढाच की पाणी ही गरज होती आणि उत्सव ही हौस होती. हौसेतही जात सुटली नाही.

४

यानंतरचा प्रसंग नाशिकचा. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिर सत्याग्रहाला आरंभ झाला. मंदिराच्या दरवाजांवर सत्याग्रहींच्या तुकड्या बसल्या. त्यांत स्त्रियाही होत्या. दरवाजे बंद करण्यात आले. महिनाभराने, ९ एप्रिलला, रामनवमीच्या उत्सवात रथ ओढण्याचा दिवस आला. तडजोड झाली होती की स्पृश्य व अस्पृश्य अशा दोन्हीकडच्या निवडक तगड्या मंडळींनी मिळून रथ ओढावा. देव गाभाऱ्यातच राहील, पण रथाचा दोर तरी दोघांच्या हातात असेल.

दुपारी बाबासाहेब आपल्या निवडक माणसांसह येऊन उभे राहिले. परंतु अस्पृश्यांचा हात दोराला लागण्यापूर्वीच झटापट झाली आणि ठरल्या कटाप्रमाणे स्पृश्यांनी रथ पळवून नेला. रथ अरुंद रस्त्यात शिरला. एका बाजूला सशस्त्र पोलीस. दगडांचा वर्षाव सुरू झाला. कद्रेकर नावाच्या एका भंडारी तरुणाने पोलिसांची फळी फोडली आणि त्याच्यामागून जमाव रथापर्यंत पोचला. कद्रेकर रक्तबंबाळ होऊन पडला. बाबासाहेबांवर येणारे दगड कार्यकर्त्यांनी छत्र्यांवर झेलले, तरी त्यांना थोडी दुखापत झालीच. पुढे वर्षभर मंदिर बंद ठेवण्यात आले, आणि जिल्ह्यातल्या खेडोपाडी अस्पृश्यांचा छळ वाढला.

या घटनेची तारीख पुन्हा एकदा पाहावी. ६ एप्रिल १९३० रोजी गांधीजींनी दांडीला मीठ उचलले होते. तिसऱ्या दिवशी नाशिकमध्ये स्वतःच्याच धर्मबांधवांनी दिलेले वचन मोडून रथ पळवला. समुद्राचे मीठ सर्वांचे आहे, हे साऱ्या देशाला पटत होते. रथाचा दोर सर्वांचा आहे, हे नाशिकच्या एका रस्त्यावर पटत नव्हते.

अस्पृश्यांना रामाच्या दर्शनाची आस लागली होती म्हणून हा लढा झाला, असा समज अजूनही काही ठिकाणी आढळतो. बाबासाहेबांनी ३ मार्च १९३४ रोजी भाऊराव गायकवाड यांना लिहिलेल्या पत्रात याविषयी संशय ठेवलेला नाही. आपल्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावे हा त्यांचा हेतू नव्हता. त्यांना जागे करण्याचा आणि त्यांच्या स्थितीची त्यांना जाणीव करून देण्याचा तो मार्ग होता. सार्वजनिक जागेत, सार्वजनिक दिवशी आपला हात इतरांच्या हाताशेजारी असावा, हा नागरिकत्वाचा दावा होता. त्या काळी तो भक्तीच्या भाषेत मांडावा लागला, कारण समाजाच्या सार्वजनिक जीवनाची भाषाच तेवढी होती.

५

दावा नाकारला गेल्यावर दिशा बदलली. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याची घोषणा झाली. १९३६ च्या मे अखेरीस मुंबईत भरलेल्या महार परिषदेने हिंदू देवतांची पूजा, हिंदू सण आणि हिंदू तीर्थयात्रा सोडण्याचा ठराव केला. या ठरावातला 'सण' हा शब्द सहज वाचून पुढे जाण्यासारखा नाही. देव मनातून काढणे एकट्याने जमते. सण सोडणे हे गावाच्या डोळ्यांदेखत करावे लागते. होळीची लाकडे कोण आणणार, तोरण कोण बांधणार, हा प्रश्न दुसऱ्याच दिवशी पाटलाच्या दारात उभा राहतो. सण सोडणे हा एका अर्थाने संपच होता.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंच्या समुदायाने बुद्धधम्माची दीक्षा घेतली, तो दिवस विजयादशमीचा होता. ज्या दिवशी गावात रेड्याच्या बळीपाशी हजर राहावयाचे, त्याच दिवशी माणसे पांढरी वस्त्रे नेसून मैदानात आली. सम्राट अशोकाच्या स्मरणाने त्या दिवसाला नवा अर्थ दिला गेला. बावीस प्रतिज्ञांत राम-कृष्णाबरोबर गौरी-गणपतीचेही नाव आहे. दादर आणि नाशिक ज्याला आठवतात, त्याला याचे आश्चर्य वाटणार नाही. त्यानंतर गावोगाव गावकीची कामे सोडण्यात आली, बहिष्कार पडले, पाणी तुटले, मजुरी बंद झाली. १९५८ च्या कायद्याने महार वतने रद्द झाली. तोवर कित्येक गावांत माणसांनी ती आपल्या हिंमतीवर सोडून दिली होती.

६

स्वतंत्र भारताच्या संविधानाने हा प्रश्न तत्त्वतः सोडवला. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. अनुच्छेद २५ ने श्रद्धेचे स्वातंत्र्य दिले, पण ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि इतर मूलभूत हक्कांच्या अधीन ठेवले. एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कर देण्याची सक्ती कोणावर करता येणार नाही, असे अनुच्छेद २७ सांगतो. सुट्टीच्या यादीत ईद, नाताळ, बुद्धपौर्णिमा शेजारी शेजारी आल्या. फुल्यांच्या कल्पनेतल्या घराचा नकाशा जणू कागदावर उतरला.

मात्र शासन स्वतः यजमान झाले की हा नकाशा पुसट होतो. आषाढीला पंढरपूरची महापूजा राज्याचा मुख्यमंत्री करतो. २०२५ साली महाराष्ट्र शासनाने सार्वजनिक गणेशोत्सवाला 'राज्य महोत्सव' म्हणून घोषित केले. कोणाच्याही श्रद्धेचा येथे अवमान करावयाचा नाही. प्रश्न एवढाच की, ज्या उत्सवाच्या मंडपाबाहेर आपल्या आजोबांना उभे केले गेले, तो उत्सव राज्याचा होताना त्या इतिहासाची एक ओळ तरी कोणी उच्चारली काय? आणि ज्याला तो उत्सव आपला वाटत नाही, तो या राज्याचा तितकाच नागरिक राहतो काय?

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. नांदेडजवळच्या बोंढार हवेली येथे १ जून २०२३ रोजी एका तरुण कार्यकर्त्याचा खून झाला. गावात आंबेडकर जयंती साजरी केल्याच्या रागातून तो झाला, अशी फिर्याद आहे. १९३० साली त्यांच्या रथाचा दोर धरू दिला नाही. आता आपली मिरवणूक काढली तर तीही खपत नाही. याचा अर्थ वाद देवाचा कधीच नव्हता. तो रस्त्याचा होता आणि आहे.

शेवटी आपल्याकडेही पाहिले पाहिजे. १९२८ साली पुण्यात जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी बाबासाहेबांची पहिली सार्वजनिक जयंती साजरी केली, तेव्हापासून हा शब्द आपल्याही ओठी आहे. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तनदिनी दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानांपुढे जी रीघ लागते, ती आपल्या उत्सवाची खरी ओळख. त्याच वेळी आपल्या मिरवणुकीतला कर्ण्यांचा गोंगाट, पुढाऱ्यांची फलके आणि वर्गणीचा आग्रह हे कोठून उचलले, याचा विचार कोणी करावयाचा? आपल्या जयंतीच्या मंडळात मातंग, चर्मकार, भटका माणूस पाहुणा असतो की कार्यकर्ता? वस्तीतल्या बाईच्या हाती केवळ आरासच असते, की हिशेबाची वहीही?

ज्या समाजाने दुसऱ्याच्या मंडपाबाहेर उभे राहून 'सर्व जन कोण?' असे विचारले, त्याला आपल्या मंडपात तो प्रश्न टाळता येणार नाही. नाशिकच्या त्या अरुंद रस्त्यात महारांच्या हक्कासाठी रक्त सांडणारा तरुण महार नव्हता, भंडारी होता. सार्वजनिक या शब्दाचा अर्थ त्याला कळला होता.