हुगळीकाठची पंगत

१८०५ साली मराठीचे व्याकरण छापणारा विल्यम कॅरी आपल्या परिचयाचा आहे. मला मात्र त्याच्या श्रीरामपूरमधला एक रविवार अधिक मोलाचा वाटतो. २८ डिसेंबर १८०० रोजी कृष्ण पाल या सुताराने हुगळीत बाप्तिस्मा घेतला. दुपारी प्रभुभोजन झाले, प्रथमच बंगालीतून.

बाप्टिस्टांच्या लेखी भाकर आणि द्राक्षरस हे ख्रिस्ताच्या मरणाचे स्मरण. भाकरीचा देह होतो, असे ते मानत नाहीत. मग त्यात एवढे काय? कृष्ण पालला विचारा! सहाच दिवसांपूर्वी मिशनऱ्यांच्या पंगतीला बसून त्याने जात गमावली होती. खवळलेल्या जमावाने त्याला डॅनिश न्यायाधीशापुढे ओढत नेले. त्याने सोडून दिले. पुढच्याच महिन्यात त्याची मेहुणी जयमणी हिनेही बाप्तिस्मा घेतला.