स्पेनने राज्यपद्धती कशी बदलली

राजा बदलणे निराळे आणि राज्यपद्धती बदलणे निराळे. एकाच्या हाती एकवटलेली सत्ता जाऊन संविधानाचे राज्य कसे येते, हा प्रश्न निघाला म्हणजे आपल्याकडे बहुधा इंग्लंडची १६८८ ची किंवा फ्रान्सची १७८९ ची क्रांती पुढे केली जाते. आम्ही येथे मुद्दाम अलीकडचे उदाहरण घेतले आहे. स्पेन देशाने १९७५ पासून तीन वर्षांत हे स्थित्यंतर घडवून आणले, आणि तेही हुकूमशहाने केलेल्या कायद्यांच्याच आधाराने. ही गोष्ट वाटते तितकी साधी नव्हती.

जनरल फ्रँको १९३६ ते १९३९ चे यादवी युद्ध जिंकून सत्तेवर आला आणि मरेपर्यंत तिच्यावरून उठला नाही. त्याच्या राज्यात पक्ष एकच, कामगार संघटना सरकारी, वृत्तपत्रांवर पहारा. तथापि त्याने कायद्याचा देखावा मोडला नव्हता. 'मूलभूत कायदे' म्हणून त्याने एकामागून एक कायदे केले. त्यांपैकी १९४७ च्या कायद्याने स्पेन हे राजाचे राज्य ठरले. मात्र राजा कोण, हे सांगण्याचा अधिकार फ्रँकोचा! १९६९ साली त्याने हुआन कार्लोस या तरुण राजपुत्राचे नाव सांगितले. त्यासाठी राजपुत्राच्या हयात वडिलांना त्याने खुशाल बाजूस सारले. राजपुत्राने फ्रँकोच्या राजवटीच्या तत्त्वांशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतली. आपल्या मागे सर्व काही पक्के बांधून ठेवले आहे, असे म्हातारा समाधानाने सांगत असे.

२० नोव्हेंबर १९७५ रोजी तो वारला. त्या वेळी आपल्या देशात आणीबाणी चालू होती, त्यामुळे या घटनेकडे आपले लक्ष किती गेले असेल कोण जाणे. स्पेनच्या लोकांपुढे मात्र एक ताजे उदाहरण होते. शेजारच्या पोर्तुगालमध्ये २५ एप्रिल १९७४ रोजी लष्करातील तरुण अधिकाऱ्यांनी एका दिवसात सालाझारची परंपरा उखडून टाकली होती. गोमंतक मुक्त होऊन तेरा वर्षे लोटली तरी जे लिस्बन भारताचा हक्क मानावयास तयार नव्हते, त्याच लिस्बनने त्या वर्षाच्या अखेरीस करार करून तो मान्य केला. परंतु स्पेनला ती वाट मोकळी नव्हती. पोर्तुगालचे सैन्य आफ्रिकेतील वसाहतींच्या लढायांनी थकले होते. स्पेनचे सैन्य यादवी जिंकलेले होते आणि फ्रँकोला आपला सेनापती मानत होते. रस्त्यावरून क्रांती आली असती तर तोफा कोणाच्या बाजूने वळल्या असत्या, हे सांगावयास ज्योतिषी नको.

अशा वेळी राजाचा जुना कायदेशिक्षक तोर्क्वातो फेर्नांदेझ-मिरांदा याने वाट काढली. फ्रँकोच्या मूलभूत कायद्यांत ते कायदे बदलण्याची रीतही लिहिलेली होती. मग त्याच रीतीने ते का बदलू नयेत? जुना कायदा मोडावयाचा नाही, त्याच्या दारातून बाहेर पडावयाचे. म्हणजे राजाची शपथ मोडत नाही आणि सेनापतींना बंडासाठी निमित्त मिळत नाही. या कामाला माणूसही जुन्या घरातलाच निवडला. जुलै १९७६ मध्ये राजाने आदोल्फो सुआरेझ याला पंतप्रधान नेमले. वय ४३, फ्रँकोच्या एकमेव पक्षाचा सरचिटणीस. विरोधकांनी कपाळाला हात लावला. त्यांचे काही चुकले असे आम्हांस वाटत नाही; त्या दिवशी कोणाही शहाण्या माणसाने तेच केले असते.

सुआरेझने मांडलेला राजकीय सुधारणेचा कायदा अवघ्या पाच कलमांचा होता. त्याचा आशय इतकाच, की यापुढे कायदे लोक करतील, आणि त्यासाठी सर्व प्रौढ नागरिकांच्या गुप्त मतदानाने दोन सभागृहे निवडली जातील. हा कायदा मंजूर करावयाचा होता कोर्तेस या जुन्या सभेने. तिचे सभासद काही फ्रँकोने स्वतः नेमलेले, काही सरकारी संघटनांतून व नगरपालिकांतून आलेले, थोडे कुटुंबप्रमुखांच्या मतांवर निवडलेले. कायदा संमत होताच त्यांची सभा संपणार होती. तरीही १८ नोव्हेंबर १९७६ रोजी एकेकाचे नाव पुकारून मते घेतली, तेव्हा ४२५ जणांनी होकार दिला, ५९ जणांनी नकार दिला आणि १३ तटस्थ राहिले.

त्यांनी असे का केले असावे? लोकशाहीवर एकाएकी प्रेम जडले, असे मानण्याइतके भोळे आपण असू नये. काहींना पुढच्या निवडणुकीत आपणच निवडून येऊ अशी आशा होती. काहींची रोजीरोटी सरकारी पदावर होती, आणि नाव पुकारून मत द्यावयाचे म्हणजे पंतप्रधानाच्या डोळ्यांदेखत द्यावयाचे. शिवाय प्रस्ताव राजाच्या सरकारचा, आणि राजा फ्रँकोने नेमलेला. त्याला विरोध करणे म्हणजे फ्रँकोच्याच निवडीला विरोध करणे! आज्ञापालनाची जी सवय हुकूमशाहीने चाळीस वर्षे लावली, तीच अखेर तिच्यावर उलटली. डिसेंबरात सार्वमत झाले, त्यात मतदान करणाऱ्यांपैकी ९४ टक्के लोकांनी कौल दिला.

खरी कसोटी कम्युनिस्ट पक्षाची होती. त्याच्यावाचून निवडणूक लटकी ठरली असती, आणि त्याला परवानगी म्हणजे सैन्याच्या दृष्टीने विश्वासघात. जानेवारी १९७७ मध्ये माद्रिदच्या अतोचा रस्त्यावर त्या पक्षाशी संबंधित वकिलांच्या कचेरीत शिरून उजव्या अतिरेक्यांनी पाच जणांस ठार मारले. अंत्ययात्रेला अफाट जमाव लोटला. ना घोषणा, ना दगड. त्या शांततेने अनेकांची मते बदलली. ९ एप्रिल रोजी, ईस्टरच्या सुट्टीत, सुआरेझने पक्षाला मान्यता दिली. नौदलाच्या मंत्र्याने राजीनामा फेकला, पण सैन्य बराकींत राहिले. कम्युनिस्टांनीही आपल्या बाजूने राजा आणि त्याचा तांबडा-पिवळा झेंडा मान्य केला. जूनच्या निवडणुकीत त्यांना दहा टक्केही मते मिळाली नाहीत. ज्या भुताने राज्यकर्ते चाळीस वर्षे भीत आले, ते उजेडात आल्यावर एवढेसेच निघाले.

संविधानाचा पहिला मसुदा सात जणांनी केला. त्यांत फ्रँकोचा माजी मंत्री फ्रागा होता, कम्युनिस्ट होता, समाजवादी होता, कॅटलन पक्षाचा प्रतिनिधीही होता. पूर्वी स्पेनमध्ये जो पक्ष जिंकेल तो आपले संविधान करी आणि पुढचा ते फाडी. या खेपेस तसे झाले नाही. ६ डिसेंबर १९७८ च्या सार्वमताने ते मान्य झाले. बास्क प्रांतात मात्र निम्म्याहून अधिक मतदार घरीच बसले, आणि तो प्रश्न पुढे रक्त सांडत राहिला.

सेनापतींनी मन बदलले होते असे नाही. २३ फेब्रुवारी १९८१ रोजी तेहेरो नावाचा अधिकारी सुमारे दोनशे शिपायांसह पिस्तूल घेऊन लोकसभेत घुसला आणि छताला गोळ्या झाडल्या. सारे प्रतिनिधी बाकांखाली गेले. बाकांखाली न गेलेले तिघे: सुआरेझ, त्याचा सहकारी वृद्ध जनरल गुतिएरेझ मेयादो आणि कम्युनिस्ट नेता कारिल्यो. वालेन्सियात रणगाडे रस्त्यावर आले. मध्यरात्रीनंतर राजा सेनापतीच्या गणवेशात दूरचित्रवाणीवर आला आणि आपण संविधानाच्या बाजूस आहोत असे त्याने बजावले. दुसऱ्या दिवशी दुपारी बंड संपले. पुढल्या वर्षी समाजवादी पक्ष निवडणूक जिंकला आणि सत्ता निमूटपणे त्याच्या हाती गेली.

या साऱ्याची किंमत कोणी दिली, हेही पाहिले पाहिजे. ऑक्टोबर १९७७ च्या माफीच्या कायद्याने राजकीय कैदी सुटले. त्याच कायद्याने त्यांना छळणारे अधिकारीही सुटले. यादवीत आणि नंतर गोळ्या घालून खड्ड्यांत पुरलेल्या माणसांविषयी बोलावयाचे नाही, असा अलिखित करार झाला. तो शहाणपणाचा होता असे पुष्कळांचे मत आहे, आणि १९७७ च्या स्पेनपुरते ते आम्हांसही पटते. पण ज्यांचा बाप रस्त्याकडेच्या खड्ड्यात आहे, त्यांना कोणी विचारले नव्हते. नातवंडांच्या पिढीने ते खड्डे उघडावयास सुरुवात केली. २००७ साली त्यासाठी कायदा झाला. माफीचा कायदा मात्र रद्द झाला नाही. हुआन कार्लोसने २०१४ साली गादी सोडली, आणि २०२० साली पैशांच्या व्यवहारांची चौकशी चालू असता देशही सोडला. २४ ऑक्टोबर २०१९ रोजी फ्रँकोची शवपेटी त्याच्या भव्य स्मारकातून बाहेर काढून साध्या कबरस्तानात नेण्यात आली. त्याच स्मारकाच्या तळघरांत यादवीतील तेहतीस हजारांहून अधिक मृतांच्या अस्थी आहेत. त्यांतील कित्येक घरच्यांना न विचारता तेथे आणून टाकलेल्या.